मे महिन्यातलं पाणी बघून गाव ठरवा: होडी बाळगता येईल असं जलाशयाकाठचं घर शोधताना

आपल्या बेळगाव भागात ‘तळ्याकाठी घर’ म्हणजे जवळजवळ नेहमीच धरणाच्या फुगवट्याकाठचं घर. हिडकल घ्या, सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ घ्या, नाहीतर जोयडा तालुक्यातलं सुपा घ्या. तिथलं पाणी शेतीसाठी, पिण्यासाठी किंवा विजेसाठी अडवलेलं आहे. ते कधी साठवायचं आणि कधी सोडायचं हे धरणाचे अधिकारी ठरवतात, काठावर राहणारा नाही. निवृत्तीनंतर पुण्या-मुंबईहून गावाकडं परतणारे, किंवा बेळगाव शहरातली गर्दी सोडून होडी वल्हवत राहावं असं मनापासून वाटणारे बरेच जण मला भेटतात. त्यांनी जागा बघायच्या आधी एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की करावी, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी स्वतः शिकलो ते असं. सप्टेंबरमधल्या एका रविवारी हिडकलच्या वरच्या अंगाला एक जागा बघायला गेलो होतो. एजंटनं गाडी थांबवली तर समोर पाणी थेट बांधाला टेकलेलं. आठ गुंठे जागा, आंब्याची दोन झाडं, आणि होडी लावायला आयता घाटच असावा असा काठ. इसाराचे पैसे मी बरोबर नेले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत बसले होते. त्यांना सहज विचारलं, ‘काका, इथं पाणी बारमाही असतंय न्हवं?’ ते म्हणाले, ‘आत्ता काय बघतायसा? उन्हाळ्यात या की. पाणी कुठं आणि तुमची जागा कुठं, कळतंय बघा.’

इसार न देता परत आलो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो तेव्हा त्याच बांधावरून पाणी म्हणजे लांबवर चकाकणारी एक पट्टी होती. मधे सगळा गाळ. वरून टणक, भेगा पडलेला, एकेका भेगेत बोट जाईल एवढी फट. पाण्याच्या दिशेनं चालत गेलो. साडेचारशे पावलं मोजली. तिथं पाय घोट्यापर्यंत रुतला, आणखी दहा पावलांवर गुडघ्यापर्यंत. जवळच कुणाची तरी फायबरची होडी कलंडून पडली होती, तळाला वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा धरलेला. पाणी मागं सरत गेलं तेव्हा मालक तिथं नव्हता एवढाच त्याचा अर्थ. पाऊस पडून पाणी पुन्हा चढेपर्यंत ती होडी तिथून हलणार नव्हती.

आधी पातळीचा हिशोब

प्रत्येक मोठ्या धरणाची ‘पूर्ण संचय पातळी’, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची उंची, ठरलेली असते. हिडकलची, म्हणजे घटप्रभेवरच्या राजा लखमगौडा धरणाची, २१७५ फूट. साठा सुमारे ५१ टीएमसी (अब्ज घनफूट). मलप्रभेवरच्या नविलुतीर्थची, म्हणजे रेणुकासागरची, २०७९.५० फूट, साठा ३७.७३ टीएमसी. सुपा धरणाची ५६४ मीटर. साठा १४५ टीएमसी, म्हणजे हिडकलच्या जवळजवळ तिप्पट. कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र या तिन्ही जलाशयांची रोजची पातळी जाहीर करतं, शेजारी गेल्या वर्षीची त्याच दिवसाची पातळीही असते. एका वहीत जून ते मे असे बारा महिने आखून दर महिन्याच्या एक तारखेची पातळी लिहा. गेल्या तीन-चार वर्षांचे आकडे मिळाले तर फारच उत्तम, त्यात एखादं दुष्काळी वर्ष यायलाच हवं. हिडकलच्या फुगवट्यात हुन्नूरचं जुनं विठ्ठल मंदिर बुडालेलं आहे. पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं आणि लोक दर्शनाला, फोटो काढायला झुंडीनं जातात. तुम्ही बघितलेल्या जागेसमोर त्या वर्षी पाणी होतं का, हे गावात विचारा. ‘विठ्ठलाचं देऊळ दिसलं होतं तेव्हा इथं काय होतं?’ असं विचारलंत तर लोकांना लगेच आठवतं.

पातळी किती उतरते यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे काठाचा उतार. समजा पातळी २० फूट खाली गेली. काठ चाळीस फुटाला एक फूट असा संथ उतरत असेल तर पाण्याची कड ८०० फूट मागं जाते. तोच काठ आठ फुटाला एक फूट उतरत असेल तर फक्त १६० फूट. एकाच जलाशयावर, अर्ध्या किलोमीटरच्या अंतरानं, हे दोन्ही काठ सापडतात. उतार मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि मोजपट्टी पुरे. मे महिन्यात उघड्या गाळावर ओळीनं पाच-सहा ठिकाणी मोजा.

सपाट, पसरट काठ दिसायला देखणा असतो. पाणी उतरलं की तिथं गाळपेर होते, हरभरा-ज्वारी छान येते, पण होडीला तो काठ वाईट. टेकडीची सोंड जिथं पाण्यात उतरते, किंवा जुन्या नदीचं मूळ पात्र जिथून जवळ आहे, तिथला काठ होडीवाल्यानं बघावा. आणि एक खूण तर मी पहिल्यांदा बघतो: धरणाआधीचा जुना रस्ता जिथं सरळ पाण्यात शिरतो ती जागा. खडी-मुरूम घट्ट बसलेला तो रस्ता होडी उतरवायचा आयता उतारमार्ग असतो, आणि पाणी खाली गेलं तरी तो त्याच्या मागोमाग खाली जातो. तो सरकारी किंवा गावाचा असल्यामुळं तिथवर जायला कुणाच्या शेतातून वाट मागावी लागत नाही. असा रस्ता असलेलं गाव दिसलं तर घर पाण्यापासून किलोमीटरभर आत असलं तरी चालेल असं मी म्हणेन.

कुठलं पाणी, कुणासाठी

राकसकोपचा जलाशय बेळगावला जवळ आहे आणि मराठी मुलखात आहे. पावसाळ्यात त्याची पातळी वर्तमानपत्रात रोज वाचायची आपल्याला सवय आहे, २४७५ फुटाला टेकली की शहराचा जीव भांड्यात पडतो. पण ते बेळगावच्या पिण्याचं पाणी आहे. तिथं खासगी होडीचा विचारच नको, आणि कुणी ‘करून देतो’ म्हणालं तरी नको. काठाकाठानं फिरायला, पक्षी बघायला त्या बाजूला राहणं वेगळं.

हिडकल मला सगळ्यात व्यवहार्य वाटतं. पुणे-बंगळूर महामार्ग जवळ, बेळगाव तासाभरावर, पाणी मोठं. वरच्या अंगाला दड्डी, सलामवाडीकडं मराठी बोलणारी वस्ती आहे, खाली धरणाच्या भिंतीकडं येईल तसं कानडी वाढतं. अडचण एकच, उन्हाळ्यात पाणी लांब सरकतं ती.

नविलुतीर्थचं पाणी पसरट. मलप्रभा उगम पावते खानापूर तालुक्यात कणकुंबीला, धो धो पावसात, पण पुढं ती कोरड्या मुलखात जाते. काही वर्षी धरण पूर्ण भरतही नाही. हुबळी-धारवाडचं पिण्याचं पाणीही त्यातूनच जातं. यल्लम्माच्या यात्रेच्या दिवसांत सौंदत्तीच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, हेही राहायला जाणाऱ्यानं धरून चालावं. खुद्द खानापूर तालुक्यात असोगा, हब्बनहट्टी इथं मलप्रभेचे सुंदर डोह आहेत, पण ते हिवाळ्यात हलकी कयाक घालण्यापुरते. आणि जांबोटी-कणकुंबी भागात जागा बघताना भीमगड अभयारण्य आणि वनखात्याची हद्द कुठं आहे ते आधी नकाशावर बघून घ्या.

सुपा खोल आहे, काठ उभे आहेत, पाणी टिकतं. तिथं बुडालेल्या गावांतले बरेच लोक रामनगरला वसवले गेले, त्यामुळं रामनगर, जोयडा भागात मराठी-कोकणी सहज चालते. मात्र सगळीकडं जंगल आणि काळी व्याघ्र प्रकल्प. जलाशय वीज महामंडळाचा, भोवतालची जमीन बरीचशी वनखात्याची. खासगी, स्वच्छ कागदाची जागा मिळणं अवघड. धरणाच्या खाली गणेशगुडीकडं नदीकाठी घर घ्याल तर वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. तिथं होडी बांधून ठेवणं म्हणजे रोजची काळजी, आणि दांडेलीकडं मगरी आहेत.

कृष्णाकाठाबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण चिकोडी, कागवाड, रायबाग, अथणी भागातल्या लोकांचं पाण्याशी नातं सगळ्यात जुनं. गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसं तिथं अजून भेटतात. हौशी होडीवाल्याला शिकवणारे खरे गुरू तिथंच. दूधगंगा-वेदगंगेवरचे कारदगा-भोज, अक्कोळ-सिदनाळ, जत्राट-भिवशी, कृष्णेवरचा कल्लोळ-येडूर हे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात आणि पलीकडच्या गावाला जायला लांबचा वळसा पडतो. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाणी थोपलेलं असतं तोवर होडीला छान, फळ्या काढल्या की ओघ अंगावर येतो, आणि उन्हाळ्यात कधी कधी पात्रात दगड दिसतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर तिथल्या प्रत्येक घराला पाठ आहेत. घर बघताना भिंत बघा. बऱ्याच घरांत रंगाखालीसुद्धा पाण्याची रेघ दिसते. मालकाला विचारू नका, शेजारच्या घरातल्या आजीला विचारा, ‘२०१९ ला पाणी कुठवर आलं होतं?’ ती हात वर करून भिंतीवर दाखवेल. त्याच्या वर किमान एक माणूस उंचीचा मजला किंवा जोतं नसेल तर तिथं राहायला जाऊ नका, होडी असली तरी. मगरींचा धोका इथंही आहे, पाण्यात पाय सोडून बसणं नको.

आणखी खाली अलमट्टीच्या फुगवट्याकडं जागा बघणाऱ्यांनी दोन आकडे लक्षात ठेवावेत: सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर, आणि धरणाची उंची वाढवण्याचा जो विषय चालू आहे त्यातली पातळी ५२४.२५६ मीटर. या दोन्हींमधल्या जमिनीत पैसे घालू नयेत.

जमिनीचे कागद

कर्नाटकात २०२० च्या दुरुस्तीनं भूसुधारणा कायद्यातली ७९ अ आणि ७९ ब ही कलमं गेली. त्यामुळं शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना हे नवीन असतं. पण जमीन घेता येणं आणि तिच्यावर घर बांधता येणं या वेगळ्या गोष्टी. घरासाठी बिगरशेती करावीच लागते.

उतारा, म्हणजे आरटीसी, ‘भूमी’च्या संकेतस्थळावर बघता येतो. तो कानडीत असतो. वाचता येत नसेल तर स्वतःचा विश्वासातला माणूस बसवून ओळ न ओळ वाचून घ्या, विकणाऱ्याच्या माणसाकडून नको. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, रकाना ११ मध्ये बोजा आणि इतर हक्क. बँकेचं कर्ज, वाटणीचा दावा, संपादनाची नोंद इथं सापडते. क्षेत्रात ‘खराब’, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती ते बघा. त्यातलं ‘ब खराब’ सार्वजनिक वापराचं, नाला, वाट, पाणंद यासाठीचं असतं आणि ते तुम्हाला मिळत नाही. फुगवट्याकाठच्या तुकड्यांत आठ गुंठे सांगून तीन गुंठे खराब निघाल्याचं मी स्वतः बघितलंय. मोठ्या सर्व्हे नंबरातला तुकडा घेत असाल तर मोजणीचा ११-ई नकाशा लागतो. बोजा तपासणीचा दाखला, ज्याला सगळे ‘इसी’ म्हणतात, तो नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ संकेतस्थळावरून किमान तीस वर्षांचा काढा. गावठाणातलं घर असेल तर पंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा, म्हणजे ई-स्वत्तूचा, नमुना ९ आणि ११ मागा.

दोन प्रश्न मात्र खास जलाशयाकाठचे. पहिला: धरणासाठी संपादन कुठवर झालंय? पाण्याच्या आजच्या कडेपासून संपादनाच्या हद्दीपर्यंतची पट्टी सरकारची असते. शेजारचा शेतकरी तिथं गाळपेर करतो म्हणून ती त्याची होत नाही, आणि तो ती तुम्हाला विकू शकत नाही. हिडकल, नविलुतीर्थच्या बाबतीत कर्नाटक नीरावरी निगमच्या कार्यालयात जाऊन सर्व्हे नंबर दाखवून लेखी विचारा. दुसरा: ही जमीन धरणग्रस्त म्हणून किंवा सरकारी मंजुरीनं कुणाला मिळालेली आहे का? अशा जमिनींना विक्रीच्या अटी असतात. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला मंजूर झालेली जमीन परवानगीशिवाय घेतली तर १९७८ च्या कायद्यानं व्यवहार रद्द होतो आणि जमीन परत जाते, तशी ती जायलाही हवी.

होडीची परवानगी

इंजिनाची होडी असेल तर २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. नोंदणी, तपासणीचा दाखला, विमा, सगळं आलं. हौशी माणसानं वल्ह्याची होडी किंवा कयाक घ्यावी असा माझा स्पष्ट सल्ला आहे. कागद कमी, आवाज नाही, जाळ्यांना धोका नाही. पण वल्ह्याच्या होडीलाही जलाशयाच्या कार्यालयाला अर्ज देऊन परवानगी मागा आणि पोच जपून ठेवा. नाही म्हणाले तर ते नाहीच समजा. गावात कुणी ‘काय होत नाही’ म्हणालं तरी अपघात झाल्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.

मासेमारीचा ठेका किंवा परवाने मत्स्य खात्याकडून दिलेले असतात. म्हणजे त्या पाण्यावर कुणाचं तरी पोट आहे. संध्याकाळी लावलेली जाळी पहाटे काढतात. बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं तरंगताना दिसले की खाली जाळं आहे, वळसा घालून जा.

एक वर्ष भाड्यानं

जागा आवडली, कागद स्वच्छ निघाले, तरी लगेच घेऊ नका. त्याच गावात किंवा शेजारच्या गावात खोली भाड्यानं घ्या आणि एक पूर्ण वर्ष काढा. जमलंच नाही तर निदान तीन मुक्काम करा: आषाढ-श्रावणात, दिवाळीनंतर, आणि वैशाखात. प्रत्येक वेळी किमान चार रात्री.

आषाढात वारा बघायचा. नैर्ऋत्येचा वारा मोकळ्या पाण्यावरून येताना लाटा उठवतो. तुमचा काठ वाऱ्याच्या समोर असेल तर होडी रात्रभर दगडावर आपटत राहते. टेकडीच्या आडोशाचा, पूर्वेला किंवा ईशान्येला तोंड केलेला खाडीसारखा कोपरा शोधा. रस्ता चिखलात बंद होतो का, हेस्कॉमची वीज किती वेळ जाते, फोनला रेंज कुठं मिळते हेही याच मुक्कामात कळतं. दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत होडीचा खरा हंगाम. पहाटे पाणी आरशासारखं असतं. वैशाखात दुपारनंतर वळीव. आभाळ पश्चिमेला काळं झालं की पंधरा-वीस मिनिटांत वारा सुटतो आणि विजा पडतात. त्या दिवसांत अकराच्या आत काठावर यायचं हा नियम मी कधी मोडत नाही.

पाणी उतरायला लागलं की बुडालेल्या गोष्टी वर येतात, आणि वर यायच्या आधी हातभर पाण्याखाली असतात. त्याच जास्त धोक्याच्या. झाडांचे बुंधे, विहिरींचे काठ, घरांच्या भिंती. मे महिन्यात त्या भागाचे फोटो काढून ठेवा, एखाद्या ठळक झाडाच्या किंवा देवळाच्या कळसाच्या रेषेत कुठं काय आहे ते वहीत लिहा. पुढच्या जानेवारीत ती वहीच तुमचा नकाशा.

माणसं

गावात होड्या वापरणारी माणसं किती, हे मोजा. ज्या गावात दोन-चार कुटुंबं रोज पाण्यावर जातात तिथं होडी दुरुस्त होते, दोर मिळतो, हवेचा अंदाज मिळतो, आणि तुम्ही वेळेवर परत आला नाहीत तर कुणीतरी शोधायला निघतं. सरकारी मदतीला ११२ आणि रुग्णवाहिकेला १०८ आहेच, पण पाण्यावरची पहिली दहा मिनिटं शेजाऱ्याच्या हातात असतात. नुसत्या फार्महाऊसांच्या, कुलूप लावलेल्या काठावर होडी घेऊन राहू नये. ज्या तालुका रुग्णालयात जाणार तिथं सर्पदंशावरचं प्रतिविष असतं का ते स्वतः जाऊन विचारून या, अंतर गाडीनं रात्री मोजा.

भाषेची भीती नको, पण कानडी शिकायची तयारी हवी. पाणी ‘नीरु’, होडी ‘दोणी’, वारा ‘गाळी’. ‘एष्ट आळ ऐती?’, किती खोल आहे, एवढं विचारता आलं तरी समोरचा माणूस हातातलं काम ठेवून काठापर्यंत येतो. गावाची यात्रा कधी, गणपती कुठं विसर्जन करतात, बायका धुण्याला कुठल्या बाजूला येतात हे कळून घ्या आणि त्या जागा सोडून होडी लावा.

मी शेवटी जागा घेतली ती पाण्यापासून सव्वा किलोमीटर आत, जुन्या रस्त्याच्या कडेला. होडी बारा फुटी, दोघांनी उचलता येते. लाइफ जॅकेट दाराच्या खुंटीला टांगलेली असतात आणि ती अंगात घातल्याशिवाय होडीला हात लावायचा नाही, पाहुण्यांनीसुद्धा. दोर साठ फुटाचा, नायलॉनचा. पाणी उतरायला लागलं की दर रविवारी सकाळी लोखंडी खुंटी उपसायची, पाण्याच्या नव्या कडेपासून दहा पावलांवर पुन्हा ठोकायची, आणि त्या दिवशीची पातळी वहीत लिहायची.